मी, मुर्झेलोंच्या जिंजरची बरणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी बरणी आहे, पण लोणच्याची नव्हे. खांदे तपकिरी, पोट पांढरं, झाकण जड, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण मला बघून हेच विचारतो, "लोणचं कसलं आहे?" पंचावन्न वर्षं हा प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. माझ्यात कैरीची एक फोडसुद्धा कधी पडलेली नाही.

माझ्यात विरजण असतं. दह्याचं नाही हं. हे आल्याचं विरजण. आलं, साखर, लिंबू आणि विहिरीचं पाणी एका पिंपात एकत्र करायचं, त्यात माझ्यातलं वाटीभर विरजण घालायचं, की तीन दिवसांत ते पाणी फसफसायला लागतं. मग ते गाळून बाटल्यांत भरतात. ह्याला म्हणतात जिंजर बिअर. आमच्या मरोळच्या गावठाणात मात्र एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला वेळ नाही. नुसतं "मुर्झेलोची जिंजर" म्हटलं की पुरतं. नावात बिअर आहे म्हणून घाबरू नका. ती प्यायल्याने कोणी झिंगत नाही, फार तर ढेकर येते.

माझा मालक पास्कू मुर्झेलो. हा माणूस तरुणपणी वांद्र्याच्या एका क्लबात आचाऱ्याच्या हाताखाली होता. तिथे तो जिंजर करायला शिकला. नोकरी सोडताना म्हाताऱ्या आचाऱ्याने त्याला पगाराबरोबर पेलाभर विरजण दिलं. पास्कू ते दोन्ही हातांत धरून मरोळपर्यंत पायी आला, का तर गाडीत धक्के बसले तर सांडेल. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून दोन बरण्या आणल्या. एक मोठी, म्हणजे मी. दुसरी माझ्याच रंगाची, पण तांब्याएवढी. मी तिला धाकटी म्हणत असे. हे १९३४ साल. घराच्या पडवीत कारखाना सुरू झाला आणि तिथल्या फळीवर माझी जागा ठरली.

विरजण जिवंत असतं, मित्रांनो. त्याला रोज सकाळी चमचाभर साखर आणि चमचाभर किसलेलं आलं भरवावं लागतं. एक दिवस विसरलात तर ते रुसतं, चार दिवस विसरलात तर मरतं. पास्कू चर्चमधून आला की चहाच्या आधी मला भरवायचा. मी थोडी तोऱ्यात असते असं लोक म्हणतात. तुम्हाला कोणी रोज स्वतःच्या आधी खायला घातलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?

कारखाना कधी मोठा झाला नाही, पण गावठाणात त्याच्याशिवाय पान हलत नसे. बारसं असो, फुटबॉलची मॅच असो, जिंजरचं खोकं हजर. मागच्या चाळीत गणपती बसायचे, तर विसर्जनाच्या दिवशी मुर्झेलोंकडून चार खोकी जायची. ती कोणी मागत नसे आणि कोणी विसरतही नसे. आसपासच्या नऊ बायका बाटल्या धुवायला यायच्या. त्या बाटल्या कमी आणि एकमेकींची सुखदुःखं जास्त धूत, पण काम चोख.

पास्कूने घरात एक रीत घातली होती. मुर्झेलोंची मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्याबरोबर विरजण द्यायचं. १९५८ साली त्याची मुलगी सेराफिना लग्न होऊन खाडीपलीकडे गोराईला निघाली. पास्कूने माझ्यातलं विरजण धाकटीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि ती सेराफिनाच्या हातात दिली.

"घरातली पोरगी जाते," तो म्हणाला, "तिच्याबरोबर घरातलं काहीतरी जिवंत जायला पाहिजे."

सेराफिना रडली. मीही रडले असते, पण बरण्यांना ती सोय नसते. चोवीस वर्षं शेजारी बसलेली धाकटी निघून गेली आणि फळीवर तिची गोल खूण तेवढी राहिली.

पुढे पास्कू गेला आणि कारखाना त्याच्या मुलाकडे, रुडॉल्फकडे आला. रुडॉल्फ माणूस सचोटीचा. आलं नासकं निघालं तर अख्खी गोणी परत पाठवील. पण एक खोड होती त्याला. मुर्झेलो हे नाव तो तिजोरीसारखं जपायचा. लेबल जरा वाकडं लागलं तरी बाटली बाजूला काढायचा. त्याची बायको एडना म्हणायची, "अरे, लोक लेबल पीत नाहीत." तो ऐकायचा नाही.

१९७५ साली एका दुपारी सेराफिना पडवीत आली. हातात पिशवी, पिशवीत सहा बाटल्या, बाटल्यांना लेबल नाही, गळ्याशी नुसता लाल दोरा. चेहरा आनंदाने फुललेला.

"रुडी, चाखून बघ," ती म्हणाली. "बाबाच्या हातची आठवण येते की नाही सांग."

रुडॉल्फने बाटली हातात घेतली, पण उघडली नाही. "हे कुठे विकतेस?"

"जेट्टीवर. रविवारी लोक फिरायला येतात ना. ह्यांची बोट पावसात तीन-चार महिने बंद असते, तेव्हा तेवढाच आधार."

"आणि कोणाची जिंजर म्हणून विकतेस?"

"कोणाची म्हणजे? माझी."

झालं. रुडॉल्फचा पारा चढला. विरजण मुर्झेलोंचं, कृती मुर्झेलोंची, आणि विकणारी म्हणते माझी. लग्न झालं तेव्हा तू मुर्झेलो राहिली नाहीस, असं काय काय तो बोलला. शेवटी म्हणाला, "त्या बरणीतलं विरजण ओतून टाक."

हे सगळं पडवीतल्या नऊ बायकांच्या देखत. सेराफिनाने सहाही बाटल्या पिशवीत भरल्या. जाताना माझ्या झाकणावर हात ठेवला.

"ओतते," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्यानंतर नऊ वर्षं भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नाहीत. नाताळला एडना गुपचूप करंज्या आणि कुलकुल्यांचा डबा गोराईला पाठवायची. डबा रिकामा परत येत नसे, कधी त्यात सुके बोंबील असत, कधी चिंच. रुडॉल्फ ते बोंबील मिटक्या मारत खायचा आणि कुठून आले हे विचारायचा नाही. मला त्याचा भारी राग यायचा, खरं सांगते. धाकटीचं काय झालं असेल, हा विचार काही माझी पाठ सोडत नव्हता.

मध्यंतरी आमच्याकडे दत्ताराम आला. तो मूळचा मालवणकडचा, वीस वर्षं कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला. ब्याऐंशीचा संप सुरू झाला आणि त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. रुडॉल्फने त्याला तीनचाकी टेम्पो चालवायला ठेवलं. दत्तारामला माझ्याबद्दल फार आदर. येता-जाता मला हात जोडायचा. देव्हाऱ्यातली देवीसुद्धा इतके नमस्कार घेत नसेल.

असा १९८४चा मे उजाडला. कारखान्याला पन्नास वर्षं होणार होती. मेच्या तिसऱ्या रविवारी फादर येऊन मला आशीर्वाद देणार, मग सगळ्या गावठाणाला जेवण आणि पोटभर जिंजर, असा बेत ठरला. रुडॉल्फने पडवीला चुना लावून घेतला, पिंपांना तेल पाजलं, आणि अकरा दिवस आधी मलाही धुवायला काढलं.

आता हे नीट ऐका, कारण घोटाळा इथेच झाला. वर्षातून एकदा मला रिकामी करून विहिरीच्या पाण्याने धुतात आणि दिवसभर उन्हात पालथी ठेवतात. तेवढा एक दिवस विरजण एका बाटलीत राहतं, उरलेलं माडाच्या बुंध्याशी जातं. त्या बाटलीला बूच कधीच लावायचं नसतं, नुसतं फडकं बांधायचं. विरजण श्वास घेतं. कोंडलं की फुगतं. पास्कूने हे रुडॉल्फला लहानपणीच शिकवलं होतं आणि पन्नास वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी पाहुण्यांची ये-जा सुरू होती, पडवी नवीन रंगवलेली, आणि त्यात ते मळकट फडकं रुडॉल्फच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याने फडकं काढलं आणि बाटलीवर चकचकीत पत्र्याचं बूच ठोकलं. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे, असा विचार त्याने केला असणार. बूच लागल्यावर ती बाटली इतर बाटल्यांसारखीच दिसायला लागली.

त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी लग्नाचं उंबराचं पाणी होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका नटूनथटून, बँड लावून विहिरीवर पाणी आणायला येतात. विहीर आमच्याच अंगणात, म्हणून मिरवणुकीला जिंजर पाजायचा मान मुर्झेलोंचा. दत्ताराम खोकं भरत होता. खोक्यात चोवीस बाटल्या मावतात, त्याच्याकडे तेवीस झाल्या. एक खळगा रिकामा दिसला, म्हणून त्याने फळीवरची बाटली उचलली आणि त्यात ठेवली.

मी विहिरीच्या कठड्यावर पालथी होते. जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बँडमधला माणिक कर्णा वाजवून घामाघूम झाला होता. त्याने नेमकी तीच बाटली उचलली. दिवसभराच्या उकाड्यात कोंडलेलं विरजण, मित्रांनो. त्याने ओपनर लावला मात्र, बाटलीतून असा फवारा उडाला की माणिकची टोपी विहिरीत, नवरीच्या मामाचा कोट भिजून चिंब आणि कर्ण्यातून आल्याच्या किसाचे थेंब. बायका हसून हसून खाली बसल्या. कोणीतरी ओरडलं, "माणिक, पाणी विहिरीतून काढायचं असतं रे." बाटलीत एक थेंब उरला नाही. मीही हसत होते. कसलं पाणी उडालंय हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

दिवेलागणीला रुडॉल्फ मला आत घेऊन आला आणि फळीकडे बघत उभा राहिला. फळी रिकामी. मग त्याने अंगणात पडलेली बाटली पाहिली, नाकाशी नेली आणि त्याला सगळं कळलं.

"शेटनू, चूक माझी," दत्ताराम म्हणाला. "माका वाटला, ती लगनाचीच बाटली."

"तुझी नाही," रुडॉल्फ म्हणाला. "बूच मी लावलं."

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. बेकरीतून खमीर आणून पाहिलं, तर जिंजर पावासारखी लागली. उरलेल्या बाटल्यांच्या तळाचा गाळ जमवून पाहिला, तो नुसताच आंबला. नवीन आलं भिजत घातलं, त्यावर बुरशी आली. मुर्झेलोंच्या जिंजरची चव त्या विरजणात होती आणि विरजण नवरीच्या मामाच्या कोटावर वाळलं होतं. बाटल्या धुणाऱ्या बायका हात बांधून बसल्या. सण जवळ आला होता आणि पिंपं कोरडी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा इतके दिवस रिकामी होते. आतून किती गार वाटतं म्हणून सांगू.

पाचव्या दिवशी एडना म्हणाली, "गोराईला जा."

"नाही."

"मग रविवारी पन्नास वर्षांचा सण नको, कुलूप लावायचा सण कर."

रुडॉल्फने माझं झाकण उचलून आत पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिने ओतलं असेल, एडना. मीच सांगितलं होतं."

दत्ताराम दारात उभा होता. "इचारूक काय पैशे पडतत, शेटनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रुडॉल्फने मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसला. बोरिवलीपर्यंत टेम्पो, तिथून खाडी ओलांडायला होडी. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं पाणी पाहिलं आणि पहिल्यांदाच वाऱ्याला मिठाचा वास आला. होडीवाल्याने माझ्याकडे बघून रुडॉल्फला विचारलं, "काका, लोणचं कसलं?" तशातही मला हसू आलं.

सेराफिना अंगणात बोंबील वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. भावाला बघून तिचे हात थांबले, पण ती पुढे आली नाही. आणि मला खिडकीत धाकटी दिसली. तेच खांदे, तेच पोट. किती आनंद झाला मला. पण तेवढ्यात तिच्यात काय आहे ते मला दिसलं. धाकटीत मीठ भरलेलं होतं.

रुडॉल्फनेही ते पाहिलं. त्याने मला ओट्यावर ठेवलं.

"विरजण गेलं," तो म्हणाला. "माझ्या हाताने गेलं. तुझ्याकडे मागायला आलो होतो."

"तू ओत म्हणालास," सेराफिना म्हणाली. "मी ओतलं."

"ठाऊक आहे. बाय, मी चुकलो. तेव्हाच चुकलो होतो. नऊ वर्षं तुझे बोंबील खाल्ले आणि हे सांगायला आलो नाही."

तो परत जायला वळला. मला उचलायलासुद्धा विसरला. सेराफिना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कोपऱ्यात मला ओळखीचं काहीतरी दिसलं. लहानपणी साखर चोरून खाल्ली की ती अशीच दिसायची.

"कुठे ओतलं ते नाही विचारलंस," ती म्हणाली.

मग ती कुंपणाशी गेली आणि तिने हाक मारली, "अगं क्लारा, बरणी घेऊन ये. पलीकडच्या सगळ्यांना सांग."

काय सांगू तुम्हाला. एका घरातून काचेची बाटली आली, दुसऱ्यातून ॲल्युमिनियमचा डबा, तिसऱ्यातून कान तुटलेली किटली. कोणी औषधाच्या बाटलीतून आणलं, कोणी तांब्यातून. अकरा घरं, अकरा भांडी, आणि प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. एकालाही बूच नव्हतं. माझ्या ओट्याभोवती त्या सगळ्या भांड्यांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

"त्या दिवशी घरी आले," सेराफिना सांगू लागली, "बरणी घेऊन विहिरीवर गेले. ओतायला हात उचलेना. क्लारा पाणी भरत होती, तिच्या कळशीशेजारी वाटी होती. तीत ओतलं. मग हिच्या पेल्यात, मग तिच्या तांब्यात. बरणी रिकामी झाली तेव्हा जीव जरा हलका झाला. तूच म्हणालास ना ओत? भावाचा शब्द मोडला नाही मी. आता जेट्टीवर ह्या अकरा जणी विकतात."

रुडॉल्फ ओट्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आधी रडला, मग हसला, मग दोन्ही एकदम. सेराफिनाने त्याला अकराही घरांची जिंजर चाखायला लावली. एकीच्या चवीत लवंग होती, एकीच्यात गुळाचा वास, क्लाराची इतकी झणझणीत की त्याला ठसका लागला. पण खाली, सगळ्यांच्या तळाशी, पास्कूची चव होती.

"ह्यातलं कुठलं घेऊ?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचं थोडं थोडं घे," ती म्हणाली. प्रत्येकीने माझ्यात एकेक चमचा घातला. अकरा चमचे. मी पुन्हा आतून कोमट झाले.

"तुला काय देऊ, बाय?"

"काही नको. रविवारी आमची टेबलं कुठे लावायची तेवढं सांग."

येताना होडीच्या कडेला आपटून माझ्या झाकणाचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे. मला त्याचं काहीच वाटत नाही.

रविवारी दोन होड्या भरून गोराईच्या बायका आल्या. लाल दोऱ्याच्या बाटल्या लेबलवाल्या बाटल्यांच्या शेजारी लागल्या आणि आधी संपल्या त्या लाल दोऱ्याच्याच. फादरनी माझ्यावर तीर्थ शिंपडलं. माणिकने बँड वाजवला, पण जिंजरच्या खोक्यांपासून दहा हात लांब उभं राहून. दत्तारामच्या चाळीतले सगळे आले होते. जेवणाआधी रुडॉल्फ उभा राहिला आणि बुचापासून गोराईपर्यंत सगळी हकिकत त्याने भर मांडवात सांगितली, स्वतःला न वाचवता. मग खिशातून मळकट फडकं काढून सगळ्यांसमोर माझ्या तोंडाला बांधलं. एडनाने टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच.

ह्याला आता पाच वर्षं झाली. दुकानांत काळ्या गोड पाण्याच्या बाटल्यांच्या रांगा असतात, तरी आमची पिंपं काही कोरडी पडलेली नाहीत. सेराफिना महिन्यातून एकदा येते आणि भावाशी कडाकडा भांडून जाते, म्हणजे सगळं छान चाललं आहे. येताना ती धाकटीला घेऊन येते. मीठ केव्हाच काढलं, तिच्यात पुन्हा विरजण आहे. तेवढा एक दिवस ती फळीवर तिच्या गोल खुणेवर बसते आणि आम्ही दोघी रात्रभर बुडबुडतो.

आणि रुडॉल्फ? नाव तिजोरीसारखं जपणारा तो माणूस आता मागेल त्याला विरजण देतो. मरोळमध्ये, मढला, मुलुंडला कोणाकोणाच्या घरी माझी लेकरं आहेत, त्याचा हिशेब मीही सोडून दिला आहे. उद्या माझा तळ फुटला तरी मला भीती नाही.

तेव्हा मित्रांनो, कधी आमच्या गल्लीत आलात तर पडवीत डोकवा. लोणचं कसलं, असं चुकूनही विचारू नका. घरून एक रिकामी बाटली आणा, चमचाभर विरजण न्या, रोज त्याला आठवणीने भरवा, आणि वाढलं की शेजाऱ्याला द्या. एवढीच माझी विनंती आहे. बूच मात्र लावू नका. फडकं बांधा, तेही सैल.